सेल्टिक-रेंजर्स : भक्ती पुरे, डाव पाहा

ग्लासगोच्या सेल्टिक आणि रेंजर्स या दोन संघांची लीगमधील गाठ जवळ आली की क्रीडापानांना दर वेळी ज्वर चढतो. पिढीजात वैर, अस्मिता, रक्त तापणे, ज्याची जिद्द मोठी त्याचा विजय, अशी ठेवणीतली वाक्ये पेटीतून बाहेर निघतात. आम्हाला या भाषेचा कंटाळा आला आहे आणि खरे सांगायचे तर तिची थोडी धास्तीही वाटते. सामना जिद्दीने ठरतो असे शंभर वेळा छापून आले की हरलेल्या बाजूला वाटू लागते, आपलीच माणसे कमी पडली. मग ती उणीव भरून काढण्याचे काम मैदानाबाहेर, रस्त्यावर आणि दारूच्या गुत्त्यात होते. आमचे मत असे की हा सामना बव्हंशी डोक्याने ठरतो. तेव्हा येत्या सामन्याकडे डाव म्हणून कसे पाहावे, याची थोडी चर्चा आज करू.

आधी एक हिशेब पाहा. 2024-25 च्या हंगामात सेल्टिकने 92 गुण मिळवून लीग जिंकली. रेंजर्सचे 75 गुण झाले. सतरा गुणांचे अंतर म्हणजे स्पर्धा नव्हेच. परंतु याच दोघांचे आपापसांतले चार सामने वेगळे काढले तर चित्र उलटे दिसते. सप्टेंबर 2024 मध्ये सेल्टिकने 3-0 ने बाजी मारली. 2 जानेवारी 2025 रोजी आयब्रॉक्सवर रेंजर्सने तितक्याच गोलांनी परतफेड केली. मार्चमध्ये तर ते सेल्टिकच्या घरात शिरून 3-2 ने जिंकले आणि मे महिन्यात 1-1 अशी बरोबरी झाली. चार सामन्यांत रेंजर्सचे सात गुण, सेल्टिकचे चार. वर्षभर जो संघ सर्वांना भारी पडला, तोच या एका प्रतिस्पर्ध्यापुढे अडखळला. जिद्दीच्या सिद्धान्ताने हे कोडे सुटत नाही. सेल्टिकची जिद्द वर्षातून चारच दिवस आटते काय?

कोड्याचे उत्तर खेळाच्या मांडणीत आहे. स्कॉटलंडच्या वरच्या लीगमध्ये बारा संघ. तेहतीस सामने झाले की यादी मधोमध कापतात. वरचे सहा आपापसांत आणि खालचे सहा आपापसांत आणखी पाच सामने खेळतात. त्यामुळे ही दोन नावे बहुधा वर्षातून चार वेळा समोरासमोर येतात, शिवाय चषकाच्या स्पर्धा वेगळ्या. एकाच तालमीत वाढलेल्या दोन मल्लांना एकमेकांच्या पकडी ठाऊक असाव्यात, तसा हा प्रकार आहे. इथे गुपित काही राहत नाही. समोरच्याचे बळ कोणते हे सर्वांना माहीत असते. त्या बळाच्या पोटातली उणीव कोण अचूक हेरतो, एवढाच प्रश्न उरतो.

सेल्टिकचे बळ म्हणजे चेंडूवरचा ताबा आणि पुढे धावणारे फुलबॅक. ही परंपरा आजची नाही. 1967 साली लिस्बनमध्ये सेल्टिकने इंटर मिलानला 2-1 असे हरवून युरोपियन चषक जिंकला. इटालियन संघ एक गोल करून बचावाची तटबंदी बांधून बसला होता. ती फोडणारा गोल एका फुलबॅकने, टॉमी जेमेलने, केला आणि त्याला चेंडू दिला तो दुसऱ्या बाजूच्या फुलबॅकने, जिम क्रेगने. बचावाची दोन्ही माणसे प्रतिपक्षाच्या गोलापाशी! पुढे 2021 ते 2023 या काळात अँज पोस्टेकोग्लू या व्यवस्थापकाने याच कल्पनेला निराळे वळण दिले. त्याचे फुलबॅक बाजूच्या रेषेने न धावता आत, मधल्या फळीत शिरत. मैदानाच्या मध्यभागी सेल्टिकची माणसे वाढत आणि चेंडू त्यांच्याच पायाशी राही.

पण फुलबॅक आपली जागा सोडून गेला की मागे ओसाड रान उरते. चेंडू आपल्याकडे आहे तोवर त्या रानाची आठवणही होत नाही. तो मध्यावर हिसकावला गेला की दोन सेंटर बॅक आणि त्यांच्या पुढे उभा असलेला एकटा मध्यरक्षक, एवढ्यांनीच सारा पसारा सांभाळायचा. 2021 मध्ये कर्णधार झालेल्या कॅलम मॅकग्रेगरने ही एकट्याची चौकी वर्षानुवर्षे राखली. इतर संघांविरुद्ध ती राखता येते, कारण त्यांच्यापाशी वेगाने पुढे जाणारी माणसे थोडी असतात. रेंजर्सपाशी ती असतात, आणि त्यांना चेंडू कुठे हिसकावायचा हेही ठाऊक असते.

रेंजर्सचे समर्थक एवढ्यावर खूश होत असतील तर त्यांनी थांबावे. त्यांच्याही घराचे तेच दार उघडे राहत आले आहे. 2018 मध्ये कर्णधार झालेल्या जेम्स टॅव्हर्नियरने उजव्या फुलबॅकच्या जागेवर खेळून रेंजर्ससाठी शंभराहून अधिक गोल केले. बचावपटूचा हा पराक्रम असामान्य खराच. पण त्याची किंमत त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या कोपऱ्याने मोजली आणि सेल्टिकने त्या कोपऱ्यात आपले वेगवान आघाडीवीर वारंवार सोडले. म्हणजे दोन्ही घरांचा मुद्दा एकच आहे : पुढे किती माणसे धाडायची आणि मागे किती ठेवायची.

व्यवस्थापकाच्या नावावर भाकिते करणाऱ्यांनाही आमचा सल्ला आहे की जरा जपून. 2025 या एका वर्षात रेंजर्सच्या गादीवर फिलिप क्लेमाँ, बॅरी फर्ग्युसन, रसेल मार्टिन आणि डॅनी रोल असे चौघे बसले. सेल्टिकच्या बाजूला ऑक्टोबर 2025 मध्ये ब्रेंडन रॉजर्स गेले, मार्टिन ओनील तात्पुरते आले, डिसेंबरात विल्फ्रेड नॅन्सी आले आणि जानेवारी 2026 मध्ये त्यांनाही जावे लागले. नॅन्सी यांचा शेवटचा सामना रेंजर्सशीच होता. सेल्टिक पार्कवर मध्यंतराला सेल्टिक 1-0 ने पुढे होते. उत्तरार्धात रेंजर्सने तीन गोल घातले. माणसे बदलली तरी मोकळ्या जागेचा प्रश्न तसाच राहिला.

आता एक नाजूक मुद्दा. मागे बसून खेळणाऱ्या संघाला भित्रा म्हणण्याची या मुलुखात चाल आहे. विशेषतः घरच्या मैदानावर पन्नास-साठ हजार माणसे 'पुढे, पुढे' ओरडत असता चेंडू प्रतिपक्षाला देऊन शांतपणे वाट पाहणे हे मोठे कठीण काम. परंतु डावपेच हे मुळात अंगाने हलक्या असलेल्यांचे भांडवल आहे, आणि हे स्कॉटलंडइतके कोणाला ठाऊक असावे? 30 नोव्हेंबर 1872 रोजी स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. तो झाला ग्लासगोजवळच्या पार्टिक येथील एका क्रिकेटच्या मैदानावर! स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे आणि इंग्रजांपेक्षा वजनाने कमी. इंग्रज एकेकटे चेंडू घेऊन धावत. स्कॉट मंडळींनी तो एकमेकांकडे देण्याचा मार्ग धरला. सामना 0-0 असा सुटला, पण पुढे जगाने उचलला तो पासचा खेळ. स्कॉटिश पलटणींनी फुटबॉल आपल्याकडेही आणला. 1888 साली सिमल्याला ड्युरँड चषकाची पहिली अंतिम लढत झाली ती रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्स आणि हायलँड लाइट इन्फन्ट्री या दोन स्कॉटिश पलटणींमध्येच.

मागे बसण्याच्या विद्येचा ताजा धडा अॅबरडीनने दिला. 24 मे 2025 रोजी हॅम्पडेन पार्कवर स्कॉटिश चषकाची अंतिम लढत होती. त्याआधी त्याच हंगामात सेल्टिकने अॅबरडीनला लीग कपच्या उपान्त्य फेरीत 6-0 असे धुतले होते. तरीही अॅबरडीनचे व्यवस्थापक जिमी थेलिन डगमगले नाहीत. त्यांनी बचावफळीत पाच माणसे उभी केली आणि चेंडू बहुतेक वेळ सेल्टिककडेच राहू दिला. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर अॅबरडीन 4-3 ने जिंकले. चषक 1990 नंतर प्रथमच त्यांच्या घरी गेला. याला भित्रेपणा म्हणायचे तर आपल्या इतिहासातल्या गनिमी काव्यालाही तेच म्हणावे लागेल.

अर्थात नुसते मागे बसणे म्हणजे डाव नव्हे. 31 ऑगस्ट 2025 रोजी आयब्रॉक्सवर दोन्ही संघ एकमेकांना इतके बिचकून खेळले की 0-0 या निकालापेक्षा त्या खेळाचे वर्णन अधिक काही करता येणार नाही. मागे बसायचे ते उठण्यासाठी. चेंडू मिळताक्षणी पहिला पास पुढे, तोही फुलबॅकच्या मागच्या रानात, गेला नाही तर बसण्याला अर्थ राहत नाही.

म्हणून येत्या सामन्यात वाचकांनी तीन गोष्टींवर नजर ठेवावी. पहिली, सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत सेल्टिकचा गोलरक्षक चेंडू जवळ देतो की लांब मारतो. लांब मारू लागला तर रेंजर्सचे दडपण काम करते आहे असे समजावे. दुसरी, दोन्ही फुलबॅक एकाच वेळी पुढे जातात काय. आमच्या मते जो व्यवस्थापक एकाला पाठवून दुसऱ्याला घरी ठेवील, त्याचे पारडे जड. तिसरी, साठाव्या मिनिटानंतरचे बदल. पाच ताजे खेळाडू उतरवता येतात, म्हणजे मैदानावरचा निम्मा संघ नवा होऊ शकतो. थकलेल्या फुलबॅकसमोर ताज्या पायांचा विंगर आला की त्या मोकळ्या रानाची खरी किंमत कळते. गोल कोणी केला हे सगळेच सांगतील. तो ज्या जागेतून झाला ती जागा कोणी सोडली, हे पाहण्यात खरी गंमत आहे.

हे सारे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. ज्यांना 'जुनी पेढी' म्हणतात त्या या दोन संघांच्या वैरात धर्म गुंतला आहे. सेल्टिक 1887 साली ब्रदर वॉलफ्रिड यांनी स्थापला तो ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या पोटाला अन्न मिळावे म्हणून. त्यांतली बरीचशी मुले पोट भरण्यासाठी आलेल्या आयरिश कॅथलिकांची. रेंजर्सभोवती प्रॉटेस्टंट समाज जमला. तिथे स्थायिक झालेल्या परक्या माणसाला 'तू कॅथलिक हिंदू की प्रॉटेस्टंट हिंदू?' असे विचारण्याचा विनोद जुना आहे, पण मुलाला शाळेत हा प्रश्न खरोखरच पडतो. आपण कोणाचे? आमचे उत्तर असे की कुठलाही शर्ट घालावा, पण त्याबरोबर दुसऱ्याचा द्वेष विकत घेऊ नये. आपण स्वतः पोटापाण्यासाठी घर सोडून आलेली माणसे आहोत. दुसऱ्यांच्या पूर्वजांचे भांडण अंगावर घ्यायला इथे आलो नाही.

खुद्द या खेळाच्या शहाण्यांनी ते कधी घेतले नाही. सेल्टिकला 1967 चा युरोपियन चषक मिळवून देणारे जॉक स्टीन हे त्या क्लबचे पहिले प्रॉटेस्टंट व्यवस्थापक होते. 1989 साली ग्रॅमी सूनेस यांनी सेल्टिकचा माजी खेळाडू, कॅथलिक मो जॉन्स्टन, रेंजर्समध्ये आणला तेव्हा दोन्हीकडचे काही समर्थक खवळले, तरी तो आला आणि खेळला. दोन्ही वेळा निवड करणाऱ्याने एकच विचारले : हा माणूस फुटबॉल जाणतो काय? सामना पाहताना आपणही तेवढेच विचारावे आणि शेजारी बसलेल्या मुलाला गोलाच्या आधीचा पास दाखवावा.