दिव्याचे भौतिकशास्त्र आणि दिव्याची किंमत

निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा दिवा कसा उजळतो, हे अभियांत्रिकीचा विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या वर्षीच शिकतो. मात्र २०१४ च्या आरंभी सरकारी घाऊक खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांवर कसा आला, असे विचारले तर बहुतेक वर्ग निरुत्तर होतात. दिव्याचे विज्ञान या दोन वर्षांत बदलले नव्हते. बदलले होते ते त्याचे अर्थकारण.

दिव्याचे साचे, चाचणीची उपकरणे, जुळणीची यंत्रे यांचा खर्च एक दिवा केला तरी होतो आणि एक कोटी केले तरी होतो. हा स्थिर खर्च. समजा, तो ५० लाख रुपये आहे. एक लाख दिव्यांवर तो वाटला तर दर दिव्यामागे ५० रुपये पडतात. एक कोटी दिव्यांवर वाटला तर केवळ ५० पैसे. पण एक कोटी दिवे विकले जातील, ही खात्री उत्पादकाला कोण देणार? ‘उजाला’ योजनेने नेमकी तीच खात्री दिली. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने देशभरातील मागणी एकत्र करून स्पर्धात्मक निविदा काढल्या. जगभर एलईडीच्या किमती उतरत होत्याच. एकत्रित मागणीने भारतातील उतरण अधिक वेगवान केली. आजवर या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले आहेत.

ग्राहकाच्या बाजूचे गणितही तितकेच बोलके आहे. ६० वॅटच्या जुन्या बल्बऐवजी सात वॅटचा एलईडी रोज चार तास लावला तर वर्षाला सुमारे ७७ युनिट वीज वाचते. सहा रुपये दराने ही बचत साडेचारशे रुपयांहून अधिक होते. म्हणजे ३१० रुपयांचा दिवाही वर्षभराच्या आत आपली किंमत फेडत होता. तरीही तो घरोघरी पोचला नाही, कारण महिनाअखेरीस हातात दहा रुपये उरणाऱ्या कुटुंबाला उद्याच्या बचतीसाठी आज तीनशे रुपये काढता येत नाहीत. काही राज्यांत दिव्याची किंमत वीजबिलातून हप्त्यांनी घेण्याची सोय झाली आणि ही अडचण सुटली. कार्यक्षमता प्रयोगशाळेत सिद्ध होते. तिचा स्वीकार घराच्या हिशेबावर ठरतो.

उद्योग-अर्थशास्त्र म्हणजे हेच. स्थिर आणि चल खर्च, घसारा, ना नफा-ना तोटा बिंदू, मागणीची लवचीकता, पैशाचे काळानुसार बदलणारे मूल्य. या मूलभूत संकल्पना एका सत्रात आत्मसात होण्याजोग्या आहेत. तरीही अनेक ठिकाणी हा विषय परीक्षेच्या आदल्या रात्री व्याख्या पाठ करून उत्तीर्ण होण्याचा मानला जातो. परिणामी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात यंत्र चालते. पण ते किती रुपयांत बनेल, किती नग विकले तर खर्च भरून येईल, याची एक ओळही अहवालात नसते.

अभियंत्याने हिशेबनीस का व्हावे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. किंमत हाच एकमेव निकष झाला तर गुणवत्ता आणि सुरक्षितता यांचा बळी जातो. परंतु सर्वांत स्वस्त निविदेत कोणता घटक कमी दर्जाचा वापरला असेल आणि दिवा लवकर निकामी झाला तर खरा खर्च किती वाढेल, हे सांगण्यासाठीही अर्थशास्त्रच लागते. टाकून दिलेल्या दिव्याचा ई-कचरा कोणाच्या माथी बसतो, हा प्रश्नही त्याच शास्त्राचा. अर्थशास्त्र न शिकलेला अभियंता किमतीच्या दडपणातून सुटत नाही. तो फक्त त्यापुढे निरुत्तर होतो.

आज या शिक्षणाची निकड अधिक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. चिपच्या कारखान्यात एका वेफरवरील ५०० चिपांपैकी ४५० चांगल्या निघाल्या काय किंवा २५० निघाल्या काय, वेफरवरील प्रक्रियेचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. दुसऱ्या स्थितीत मात्र प्रत्येक चांगल्या चिपेवरील त्याचा भार जवळजवळ दुप्पट होतो. महागडी यंत्रे रिकामी राहिली तरी घसारा थांबत नाही. अशा कारखान्यात प्रक्रियेतील प्रत्येक तांत्रिक निर्णय हा आर्थिक निर्णयही असतो, आणि तो तिथल्या तरुण अभियंत्यालाच घ्यावा लागेल.

यासाठी नव्या पदवीची गरज नाही. प्रत्येक प्रकल्प अहवालात तीन प्रश्न अनिवार्य केले तरी पुरे: हे बनवण्यास किती खर्च येईल, ते कोण विकत घेईल, आणि ते बिघडले तर किंमत कोण मोजेल? ज्या विद्यार्थ्याला ही उत्तरे शोधण्याची सवय लागेल, त्याचे यंत्र प्रदर्शनाच्या टेबलावरून उठून लोकांच्या घरी पोचण्याची शक्यता अधिक.