बदलीच्या गावचे गाणे

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना १९८५ साली पाच दिवसांचा आठवडा लाभला. शनिवार-रविवार मोकळे झाले. परंतु बदलीच्या गावी आलेले आपण मराठी नोकरदार त्या मोकळ्या दिवसांचे करतो काय? एक दिवस बाजारहाट आणि घरी फोन. दुसरा दिवस जुन्या नाट्यपदांचे श्रवण आणि ‘आता तसे गाणे राहिले नाही’ हा उसासा. हा उसासा प्रामाणिक नाही, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

गेल्या हिवाळ्यातील एका शनिवारी, रायपूरच्या सदर बाजारात सराफांची दुकाने बंद होत असताना, एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर चार तरुणांच्या रॉक बँडचा कार्यक्रम झाला. अशा बँडना हल्ली ‘इंडी’ म्हणतात, म्हणजे स्वतंत्र. चित्रपटांतील गाजलेली गाणी ते उसनी घेत नाहीत. शब्द त्यांचे, चाल त्यांची आणि खर्चही त्यांचाच. तिकीट दोनशे रुपये होते. मीही आधी फुकट पासाची चौकशी केली, हे कबूल करतो. श्रोते जेमतेम चाळीस. त्यांत माझ्या ओळखीचा मराठी माणूस एकही नव्हता. ज्यांना ज्यांना मी चला म्हटले होते, त्यांच्याकडून तीन उत्तरे मिळाली होती. ती आपणा सर्वांचीच आहेत, म्हणून येथे तपासतो.

पहिले उत्तर: हा परदेशी गोंगाट आहे. ठीक. मग ज्या पेटीवाचून आपले एकही नाट्यपद उभे राहत नाही, ती पेटी कोठली? १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने तिचे पेटंट घेतले. ती भारतीय संगीताला मारक आहे, असे ठरवून १९४० साली रेडिओने तिच्यावर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. तत्पूर्वीच, १९११ साली, ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. परकी पेटी आपली झाली, कारण आपल्या आजा-पणजांनी तिकिटे काढून ती ऐकली. गिटारलाच तेवढी सोवळ्याची अट का?

दुसरे उत्तर: ते गाणे आपले नव्हे. यावर मी त्या रात्रीचे एक गाणे पुढे ठेवतो. ते छत्तीसगढीत होते. बियाण्यासाठी आपले चांदीचे करधन गहाण ठेवायला सराफाच्या पायरीवर बसलेली एक शेतकरीण त्यात होती. ज्या रस्त्याने मी रोज कचेरीत जातो, त्याच रस्त्यावरची ही पायरी. परंतु तेथे कोण बसते, हे मी कधी पाहिलेच नव्हते. ढोल फार मोठ्याने वाजत होते, दोन गाणी कच्ची होती, हेही खरे. तथापि हे गाणे मला त्या पायरीशी थांबवून गेले. यात नवलही नाही. दिल्लीत १९९० साली सुरू झालेल्या ‘इंडियन ओशन’ने ‘कंडिसा’ या २००० सालच्या संग्रहात नर्मदेचे ‘मा रेवा’ गायिले. २०१० च्या ‘पीपली लाइव्ह’ चित्रपटात याच बँडच्या गाण्यांशेजारी रायपूरच्या हबीब तन्वीरांची कन्या नगीन हिने गायिलेले छत्तीसगढी गीत आहे. गिटार आणि मातीतला शब्द यांचे वैर आपण कल्पिलेले आहे.

तिसरे उत्तर सर्वांत घातक: आपण बदलीची माणसे, आपल्याला काय त्याचे? या गावाचे अन्न खायचे, पाणी प्यायचे, शिधापत्रिका काढायची आणि गावाने नवे काही गायिले की आपण पाहुणे! माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी होती. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. १९२६ साली ते निवर्तले ते याच रायपुरात. त्यांचे मराठीपण त्यामुळे उणे झाले काय?

गणेशोत्सवात जुनी पदे अवश्य गावीत. मलाही ती प्रिय आहेत. परंतु जुन्याचा अभिमान मिरवून नव्याला पासावर ऐकणारा समाज स्वतःला रसिक म्हणवू शकत नाही. कार्यक्रम संपल्यावर ते चौघे ध्वनिक्षेपकांचे भाडे चुकते करण्यासाठी नोटा मोजत होते. एकाने हसून विचारले, “भैया, पुढच्या वेळी येणार ना?” मी हो म्हटले आहे. वाचकहो, आपली बदली जेथे झाली असेल तेथेही कोणी तरी शनिवारी संध्याकाळी तारा जुळवीत असेल. खिडकीवर जावे, पूर्ण पैसे द्यावेत आणि पुढच्या रांगेत बसावे. न आवडले तर तसे तोंडावर सांगावे. तिकीट काढणाऱ्याला तो अधिकार आहे.