युरोपची सहल आणि आठ जणींचं एक पाकीट



हल्ली तुमच्या पत्रांत लोणची-पापडांच्या जोडीने एक नवाच प्रश्न येऊ लागलाय. सांगलीच्या एका भगिनी लिहितात, "आमच्या भिशीतल्या सात जणी युरोपला जायचं म्हणतायत. मलाही जायचंय. पण आमचं घर एका पगारावर चालतं. नाही म्हणवत नाही, आणि हो म्हटलं की पोटात गोळा येतो. काय करू?"

हा प्रश्न नुसता पैशाचा नाही. आठ जणी मिळून निघतात तेव्हा आठ घरांची ऐपत बरोबर निघते. एकीला दोन हजारांची कॉफी जड नसते, दुसरीला त्याच दोन हजारांत मुलाच्या वह्या-पुस्तकं दिसत असतात. खर्च तर आटोक्यात राहायला हवाच, पण परत आल्यावर मैत्रीही शिल्लक राहायला हवी. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आठ जणी पॅरिस, जिनीव्हा आणि रोम अशा बारा रात्री करून आलो. तिन्ही शहरं खिशाला भारी. तिथे जे उपयोगी पडलं तेच आज सांगते.

आधी आकडा, मग नकाशा

आपण बहुतेक वेळा आधी शहरं ठरवतो आणि मग पैशाची तोंडमिळवणी करत बसतो. आम्ही उलट केलं. भिशीच्या दिवशी प्रत्येकीने एका चिठ्ठीवर, घराला तोशीस न लावता आपल्याला जास्तीत जास्त किती जमेल तो आकडा लिहिला. नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या डब्यात घातल्या आणि सगळ्यांत लहान आकडा निघाला तो सहलीचा आकडा धरला. आमचा निघाला अडीच लाख. ती चिठ्ठी कोणाची, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

एक-दोघी कुरकुरल्या, "एवढ्या लांब जायचं आणि हात आखडता घ्यायचा?" त्यावर एकच उत्तर: ठरलेल्या आकड्यात सगळ्यांचं समान, त्यावरची हौस जिची तिने स्वतःच्या पर्समधून करावी. मात्र "तुझे मी भरते गं" हे वाक्य सहलीत उच्चारायचं नाही. ते प्रेमाने म्हटलं तरी ऐकणारीच्या मनाला लागतं.

सांगलीच्या ताईंना माझं सांगणं असं, की सगळ्यांत लहान आकडाही जड वाटत असेल तर सहल वर्षभर पुढे ढकला आणि आठही जणींनी बँकेत किंवा पोस्टात आवर्ती खातं उघडा. खऱ्या मैत्रिणी वर्षभर थांबतात. पण मुलांची फी, आजारपणासाठी ठेवलेले पैसे आणि अंगावरचं सोनं, या तिन्हींना सहलीसाठी हात लावू नका. कर्ज काढून तर मुळीच जाऊ नका.

निघण्याआधीचा खर्च

फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली हे तिन्ही देश शेंगेन गटात येतात, त्यामुळे व्हिसा एकच लागतो. लंडन जोडलंत की ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि खर्च वाढतो. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क निराळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत खोल्या अशाच घ्याव्यात, ज्या रद्द केल्या तर पैसे कापले जात नाहीत. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; तेव्हा शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि तिथल्या दवाखान्याचे दर पाहता तो सक्तीचा नसता तरी काढावाच.

सहल कंपनीचं पॅकेज घेणार असाल तर किमतीवर टीसीएस म्हणून कर गोळा होतो. तो बुडाला असं समजू नका. ज्यांच्या पॅन क्रमांकावर तो गोळा झाला, त्यांनी प्राप्तिकर विवरणपत्र भरलं की तो देय करातून वळता होतो किंवा परत मिळतो. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी कधी विवरणपत्र भरलेलं नसतं. तेव्हा पैसे कोणाच्या नावाने भरायचे हे घरात आधीच बोलून घ्या.

मे-जूनमध्ये गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात. आम्हां शाळावाल्यांना दिवाळीची सुट्टी सोयीची पडली. हवा गार असते, दिवस लहान होत जातो, पण विमान आणि खोल्या त्या मानाने स्वस्त मिळतात.

सामाईक पाकीट

आमच्या सहलीचा कणा म्हणजे एक साधं चेनचं पाकीट. प्रत्येक शहरात पोचल्यावर आठही जणींनी त्यात सारखी रक्कम टाकायची. त्यातून फक्त सगळ्यांना लागतं तेवढंच घ्यायचं: वाणसामान, एकत्र प्रवासाची तिकिटं, स्वच्छतागृहाची नाणी आणि मुक्कामावर भरायचा शहरकर. हा कर रोममध्ये दर माणशी, दर रात्री लागतो आणि बहुधा तिथे गेल्यावरच मागतात. खोली घेताना दिसलेल्या भाड्यात तो नसेल, तर ऐन वेळी आठ जणींचे मिळून बरेच पैसे निघतात. म्हणून आधी विचारून ठेवा.

कॉफी, आईसक्रीम, भेटवस्तू, मोठ्या संग्रहालयांची तिकिटं हे सारं पाकिटाबाहेर. एक जण खजिनदार, दुसरी वहीवाली. रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं हिशेब वाचून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी कोणाला शंका काढायला जागाच उरत नाही. शहर सुटताना उरलेले पैसे पुढच्या शहराच्या खात्यात जमा. फ्रँक मात्र स्वित्झर्लंडमध्येच संपवा. रोममध्ये त्यांना कोणी विचारत नाही.

पासपोर्ट आणि कार्ड मात्र प्रत्येकीचं प्रत्येकीकडे. "माझं पण तूच सांभाळ" ही सवय घरी ठेवून या.

राहणं आणि जेवण

पॅरिस आणि रोममध्ये आम्ही स्वयंपाकघर असलेली घरं घेतली. सकाळी पोटभर नाश्ता आणि रात्री खिचडी किंवा पिठलं-भात घरी, दुपारी बाहेर काहीतरी हलकं, असा क्रम ठेवला. स्वयंपाकाची पाळी दोघी-दोघींची. फोडणी देताना खिडकी उघडा आणि पंखा लावा; तिथे धुराने भोंगा वाजतो. हॉटेलच्या खोलीत मात्र शेगडी लावायला मनाई असते, हे लक्षात ठेवा.

तांदूळ-डाळीचं ओझं इथून वाहायची गरज नाही. पॅरिसमध्ये गार दु नॉर स्टेशनाजवळच्या ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं आहेत. कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. रोममध्ये मुख्य स्टेशनाजवळच्या एस्क्विलिनो मंडईत डाळी-मसाले मिळतात. इथून न्यायचं ते मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थालिपिठाची भाजणी, पातळ पोहे आणि फोडणी घालून खरपूस भाजलेला उपम्याचा रवा. रव्यात उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाकून ठेवलं की नाश्ता तयार.

एक सूचना महत्त्वाची. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर घरीच. लाडू न्यायचे तर शेंगदाणे-गुळाचे बरे.

रोममध्ये कॉफी उभ्याने, दुकानाच्या कट्ट्याशी घ्यावी. टेबलाशी बसलं की तीच कॉफी महाग होते. पिझ्झा तिथे पुष्कळ दुकानांत वजनावर मिळतो. हाताने खूण करून हवा तेवढाच तुकडा कापून मागा. शाकाहारी बायकांची चांगली सोय होते.

आता पाण्याचं. बाटली दोन युरोंची धरली आणि प्रत्येकीने दिवसाला दोन घेतल्या, तर आठ जणींचे रोजचे ३२ युरो होतात, दहा दिवसांचे ३२०! युरोला शंभराहून जास्त रुपये पडतात, तेव्हा बत्तीस हजारांवर नुसतं पाणी प्यायलो म्हणायचं. पॅरिसच्या रस्त्यांवर रिचर्ड वॉलेस या इंग्रज गृहस्थांनी १८७२ पासून बसवलेले हिरवे पाणवठे आहेत. रोममध्ये नासोनी म्हणतात ते लोखंडी नळ दोन हजारांवर आहेत आणि त्यांचं पाणी थंडगार असतं. प्रत्येकीने आपली बाटली भरून घ्यावी. फ्रान्समधल्या उपाहारगृहांत "कराफ दो" मागितलं की नळाच्या पाण्याचा चंबू फुकट मिळतो. नुसतं पाणी मागितलंत तर बाटली येते, आणि बिलही येतं.

फिरणं

पॅरिसच्या मेट्रोला एका वेळी अडीच युरोंहून थोडं जास्त पडतं. आठ जणी म्हणजे प्रत्येक चढउताराला वीस युरोंच्या वर. म्हणून एका दिवशी एकच भाग निवडायचा आणि तो पायी फिरायचा. तिथला आठवड्याचा पास विमानतळालाही चालतो, पण तो सोमवार ते रविवार असाच असतो. गुरुवारी घेतला तरी रविवारी संपतो. तेव्हा शक्य तर सोमवारी पोचा.

जिनीव्हात आम्ही मुद्दाम वसतिगृहात राहिलो. तिथे, तसंच बर्न आणि बाझलमध्ये, हॉटेलात किंवा वसतिगृहात उतरलेल्या पाहुण्यांना शहरातल्या ट्राम-बसचं कार्ड फुकट मिळतं. जिनीव्हात त्यावर सरोवरातल्या पिवळ्या होड्याही चालतात. झुरिकमध्ये ही सोय नाही. डोंगरावरच्या रेल्वेचे दर स्वित्झर्लंडमध्ये फार. युंगफ्राऊयोखचं जाण्यायेण्याचं तिकीट हंगामात दोनशे फ्रँकच्या वर जातं. अशा ठिकाणी जायचंच असेल तर हाफ फेअर कार्डाचा हिशेब आधी मांडून पाहा. त्यावर तिकीट निम्म्यात मिळतं. आमच्यातल्या चौघी एका डोंगरावर गेल्या. उरलेल्या चौघींनी तो दिवस होड्यांत बसून आणि काठाने चालत घालवला. रात्री जेवताना दोन्हीकडच्या गप्पा सारख्याच रंगल्या.

इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

पाहायचं काय?

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचं तिकीट युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी जानेवारी २०२६ पासून ३२ युरो झालंय. आठ जणींचे २५६ युरो! जिला मोनालिसा पाहायचीच आहे तिने जरूर पाहावी. आयुष्यात एकदाच तर जातो आपण. पण "सगळ्या चालल्या म्हणून मी" असं करू नका. कार्नाव्हाले आणि पती पॅले या नगरपालिकेच्या संग्रहालयांतला कायमचा संग्रह फुकट पाहता येतो. आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेल्या नोत्र दाम चर्चलाही तिकीट नाही. रोमला सेंट पीटरच्या चर्चमध्ये प्रवेश फुकट आहे, फक्त रांग लागते. सकाळी लवकर जा. पँथिऑनला जुलै २०२३ पासून ५ युरो, आणि त्रेवी कारंज्याच्या अगदी कडेशी उतरायला फेब्रुवारी २०२६ पासून २ युरो पडतात. कारंजं वरून मात्र अजूनही फुकट दिसतं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. साडी-सलवारवाल्या आपण तिथे निश्चिंत.

स्वच्छतागृहाला स्टेशनांवर पैसे पडतात. संग्रहालयातून बाहेर पडण्यापूर्वी तिथलंच वापरून घ्या. हे लिहायला संकोच वाटतो, पण आठ जणींच्या हिशेबात फरक पडतो.

पैसे देताना

दुकानात कार्ड दिलं की यंत्र विचारतं, रुपयात देता की युरोत? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून आपलं बोट तिकडे जातं. पण तिथे रुपयाचा भाव दुकानाचं यंत्र ठरवतं आणि तो बहुधा आपल्या तोट्याचा असतो. युरोच निवडा, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. पैसे काढायच्या यंत्रावरही हाच नियम. निघण्यापूर्वी आपल्या बँकेकडून कार्डाचा परदेशी आकार विचारून घ्या. गर्दीच्या मेट्रोत पर्स पोटाशी धरा. पॅरिस आणि रोमचे खिसेकापू प्रसिद्ध आहेत.

शेवटी एकच. काटकसर ही परदेशात लाज वाटण्याची गोष्ट नव्हे. तिथल्या बायकाही नळावर बाटल्या भरतात आणि बाकावर बसून घरचा डबा खातात. आपण घर चालवताना रोज जे करतो, तेच फक्त दुसऱ्या नाण्यांत करायचं.

तेव्हा येत्या भिशीला चिठ्ठ्यांचा डबा ठेवून पाहा, आणि कोणता आकडा निघाला ते नाही, पण बेत ठरला की नाही ते मला जरूर कळवा.