एकादशी गाठायची की पांडुरंग?

आषाढ शुद्ध दशमीच्या सायंकाळी पंढरपुरात दोन प्रकारचे लोक येतात. एक वाखरीहून पालख्यांसमवेत चालत येतात. दुसरे गावाबाहेरच्या वाहनतळावर उतरून घड्याळाकडे पाहत येतात. पहिल्यांस पौर्णिमेपर्यंत कोठे जावयाचे नसते. दुसऱ्यांस एकादशीच्या रात्री परत फिरावयाचे असते, कारण दुसऱ्या दिवशी कचेरी असते. अलीकडे हा दुसरा वर्ग फार वाढला आहे असे आम्हांस दिसते, आणि यात्रेचे सारे प्रश्न, मग ते रांगेचे असोत, पाण्याचे असोत की हरवलेल्या माणसांचे, मुख्यतः याच वर्गापाशी येऊन ठेपतात.

हे असे का झाले हे समजण्यास फार खोल जावे लागत नाही. आळंदी आणि देहूहून येणाऱ्या दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली व त्यांचे मोठाले टप्पे आता वाहते झाले आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. ज्या माउलीने आयुष्यभर "पोरं मोठी झाली की जाईन" असे म्हणत दिवस काढले, तिच्या हाती एकाएकी तिकीट आले. यात वाईट काय आहे? काहीच नाही. आम्ही तर म्हणू की फार वर्षांनी सरकारने खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मनातले काही ओळखले.

वाहन आणि वारी यांचे भांडणही नवे नव्हे. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपुरास पोहोचली, तेव्हापासून ते चालू आहे. धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी तर त्याच्याही शेकडो वर्षे आधी वाहनाने केलेल्या तीर्थयात्रेचे फल उणे ठरविले आणि असमर्थांस मुभाही दिली. आम्ही त्या हिशेबात पडत नाही. परंतु २०२० आणि २०२१ या महामारीच्या दोन वर्षांत संतांच्या पादुकाच एस.टी.त बसून पंढरीस आल्या, हे ज्याने पाहिले आहे त्याने तरी वाहनाने येणाऱ्याला कमी लेखू नये.

प्रश्न वाहनाचा नाही, गणिताचा आहे. पुण्याहून येणारी मोटार चार-पाच तासांत पंढरपूर गाठते. पण रस्ता रुंद झाला म्हणून गाभाऱ्याचे दार रुंद होत नाही. विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्याची मोकळीक सर्वांस आहे आणि तेथे एका वेळी एकच मस्तक टेकते. एका भाविकास अवघी दोन सेकंदे दिली, तरी अहोरात्र चोवीस तासांत ४३,२०० जणांचेच पदस्पर्शदर्शन होईल. पाच लाख माणसे त्या रांगेत उभी करा, म्हणजे शेवटच्यास बारावा दिवस उजाडेल. एकादशीला गावात किती लाख लोक असतात याविषयी दरवर्षी निरनिराळे आकडे छापून येतात. त्यातला सर्वांत लहान आकडा घेतला तरी हे गणित सुटत नाही. रस्त्यावर वाचलेला वेळ दर्शनमंडपात, पत्राशेडमध्ये आणि गोपाळपूरच्या रस्त्यावर रांगेत उभे राहून परत द्यावा लागतो.

येथे आमचा स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एकादशीच्या पहाटे एक कुटुंब आमच्या दाराशी आले. मुलगा, सून आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. वाहनतळापासून चालत आल्याने आईचे पाय सुजले होते, आणि रांगेचे शेवटचे टोक कोठे आहे हे ऐकून मुलाचा धीर सुटला होता. आम्ही जरा रागानेच विचारले, "अहो, या गर्दीत यांना आणलंत कशाला?" मुलाऐवजी आईच बोलली. "बुवा, आमच्या गावच्या सप्ताहात तुम्हीच सांगितलं होतं ना, जन्मात एकदा तरी आषाढी चुकवू नये म्हणून!"

आम्ही निरुत्तर झालो. सांगितले होते. निरूपणात रंग भरला की असे शब्द तोंडून निघून जातात, आणि ऐकणारा मात्र ते गाठीला बांधून नेतो.

त्यांना आम्ही माडीवर नेले. तेथून कळस दिसतो. बाईंनी पदर सावरला, हात जोडले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "झालं." मुलाचे समाधान झाले नाही. "पण दर्शन?" असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. कळसाचे दर्शन घेऊन वारी पावली असे मानणारे कित्येक पिढीजात वारकरी आहेत, हे आम्ही त्याला सांगितले. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिचाही उल्लेख ओठांवर आला होता; तो आम्ही गिळला. चोखोबा बाहेर राहिले ते आपल्या इच्छेने नव्हे. त्यांना आत येऊ दिले नव्हते, आणि तो दोष धुण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. त्या दुःखाचा उपयोग आपल्या गैरसोयीच्या समाधानासाठी करणे आम्हांस बरे वाटले नाही. त्या दिवसापासून "आषाढी चुकवू नये" हे वाक्य आम्ही कीर्तनात उच्चारत नाही.

म्हणून यंदा किंवा पुढे केव्हाही निघणाऱ्यांनी आधी स्वतःस एक प्रश्न विचारावा. आपल्याला चालावयाचे आहे, एकादशीचा सोहळा पाहावयाचा आहे, की पांडुरंगाच्या पायांवर डोके ठेवावयाचे आहे? या तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत. एका दिवसात तिन्ही साधू पाहणाऱ्याच्या पदरात बहुधा एकही नीट पडत नाही.

ज्यास चालण्याची हौस आहे त्याने पंढरपुरापासून आरंभ करूच नये. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाणारा टप्पा मोठा नामांकित, म्हणून नवखे लोक नेमके त्या दिवशी निघतात आणि तीस किलोमीटरांवर चालून दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळतात. त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसमवेत लोणंद ते तरडगाव चालून पाहावे. टप्पा लहान आहे आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाशी पहिले उभे रिंगण होते. सगळी वाट चालावयाची असेल तर एखाद्या दिंडीत महिनाभर आधी नाव घालावे, भिशी किती व तीत काय काय येते हे विचारून घ्यावे, आणि एकदा दिंडीत शिरल्यावर विणेकऱ्यांचा व चोपदारांचा शब्द मानावा. "आपलं आपण चालू" म्हणणाऱ्यास रात्री पाल मिळत नाही. पायांत नवे पायताण घालून तर कोणी निघूच नये. पहिल्याच मुक्कामाला ते गळ्यात अडकवावे लागते.

ज्यास एकादशी पाहावयाची आहे त्याने अवश्य यावे, परंतु पदस्पर्शाचा हट्ट घरी ठेवून यावे. नगरप्रदक्षिणा करावी, नामदेव पायरीपाशी माथा टेकावा, कळस पाहावा, पासष्ट एकराच्या मैदानात दिंड्यांच्या तंबूंतून रात्रभर चाललेले भजन ऐकावे. मुखदर्शनाची रांग निराळी असते आणि ती पुष्कळ लवकर सरते. वृद्धांनी तीच धरावी.

आणि ज्यास खरोखर पायांवर डोके ठेवावयाचे आहे, त्यास आमचे हात जोडून सांगणे आहे की त्याने एकादशी सोडावी. आषाढीच्या काळात देवाचा पलंग काढून ठेवतात, देव निजत नाही, आणि रात्रंदिवस दर्शन चालू राहते. हा क्रम एकादशीला संपत नाही. गोपाळपूरच्या काल्यानंतर, म्हणजे पौर्णिमेनंतर, पालख्या परतीला लागतात, गाव ओसरू लागते. प्रक्षाळपूजेपर्यंत देव मात्र भक्तांसाठी जागाच असतो. शास्त्राने, संप्रदायाने आणि सोयीनेही हेच दिवस उत्तम. वारीचा नेम दशमी ते पौर्णिमा असा आहे. केवळ एकादशी हा नुसता पडलेला पायंडा आहे. एरवी यावयाचे तर शनिवार, रविवार आणि दोन्ही पक्षांच्या एकादश्या टाळाव्यात. निघण्यापूर्वी मंदिर समितीची सूचना पाहून घ्यावी. २०२४ साली जतनाच्या कामासाठी १५ मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद होते, आणि ते ठाऊक नसल्याने कित्येकजण दुरून येऊन हिरमुसले होऊन गेले.

पंचांगही पाहावे. आषाढी २०२३ साली २९ जूनला होती. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आल्याने ती २५ जुलैला. मधल्या या महिन्याभराच्या अंतरात पावसाचे मान पार बदलते. उशिराच्या आषाढीला उजनीतून भीमेत आणि वीर धरणातून नीरेत पाणी सुटले असण्याचा संभव अधिक, आणि ते सारे नीरा नरसिंहपूरच्या संगमावरून चंद्रभागेतच येते. 'तीर्थ' हा शब्द तॄ धातूपासून आला; जेथून पार होता येते ते तीर्थ, मराठीत ज्याला आपण उतार म्हणतो. पाणी चढले असता तो उतार राहत नाही, हे पोहता येणाऱ्यांनीही ध्यानी धरावे. काठावर बसून तांब्याने अंगावर पाणी घेतले तरी स्नान होते. तेही पाणी पोटात घेऊ नये. एकेकाळी पंढरीच्या यात्रेवरून लोक पटकी घेऊन घरी जात, ते दिवस काही दंतकथेतले नव्हेत.

कॉरिडॉर व्हावा की न व्हावा याविषयी २०२२ पासून आमच्या गावात कडाक्याचे वाद झाले. ज्यांची घरे आणि दुकाने त्या रेषेत येतात त्यांचे ऐकून घेतल्याखेरीज कोणी मत देऊ नये, इतकेच येथे म्हणतो. वाटा रुंद झाल्या तर चेंगराचेंगरीचे भय उणावेल हे मान्य. पण वर मांडलेले गणित वाटेचे नाही, दाराचे आहे.

आता परतीचे. यात्रेसाठी एस.टी. गावाबाहेर चंद्रभागा, भीमा, पांडुरंग, विठ्ठल कारखाना अशी निरनिराळी तात्पुरती स्थानके उभारते आणि प्रत्येक भागाच्या गाड्या ठरलेल्या स्थानकावरूनच सुटतात. उतरताच आपली परतीची गाडी कोठून सुटणार हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. त्याच कागदावर आपले नाव, गाव आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहून तो म्हाताऱ्यांच्या कनवटीला आणि मुलांच्या खिशात घालावा. गर्दीत मोबाइल लागत नाहीत. चुकामूक झाल्यास भेटण्याची जागाही आधीच ठरवावी, आणि ती नामदेव पायरी असू नये. प्रत्येकजण तीच ठरवतो.