आम्हाला सोडतात का?

नवीन पूल झाला की कारवाला विचारतो, ‘टोल किती?’ बाइकवाला विचारतो, ‘मामा कुठे उभे असतात?’ आणि सायकलवाला बिचारा विचारतो, ‘आम्हाला सोडतात का?’

उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. वांद्रे-वरळी सी लिंक २००९ साली सुरू झाला, सायकलला बंदी. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. जवळजवळ बावीस किलोमीटर, समुद्रावरून, भन्नाट रस्ता! पण तिथे मोटरसायकललाच मज्जाव, मग आपल्याला कोण हिंग लावून विचारतंय?

तरीही ‘सायकलसाठी पूल’ किंवा ‘सायकलसाठी ट्रॅक’ अशी चार ओळींची बातमी आली की आमच्या शनिवार सकाळच्या ग्रुपमध्ये दिवाळी असते. आम्ही बाराजण. बहुतेक आयटीवाले, दोन बँकेतले, एक डेंटिस्ट. बातमी आली की दहा मिनिटांत तीन पार्ट्या पडतात.

पहिली ‘वॉव पार्टी’. यांच्याकडे फोटो तयार असतात. कोपनहेगनचा तो केशरी रंगाचा, सापासारखा वळत जाणारा सायकल पूल, २०१४ मध्ये सुरू झालेला. चार मीटर रुंद आणि फक्त सायकलींसाठी. तो होण्याआधी तिथले लोक सायकल हातात धरून जिन्यावरून चढ-उतर करायचे. ‘एवढं लांब कशाला जाता,’ असं कोणी म्हटलं की हे लगेच हैदराबाद काढतात. तिथे आउटर रिंग रोडच्या कडेला २०२३ मध्ये २३ किलोमीटरचा ट्रॅक झाला, वर सोलर पॅनलचं छप्पर. ऊन नाही, पाऊस नाही, वर वीजही मिळते. वॉव.

दुसरी ‘घंटा पार्टी’. यांचं एकच पालुपद, ‘बघा, पार्किंग होणार.’ आणि यांच्याकडे पुरावेही सॉलिड असतात. बीकेसीत २०११ मध्ये सायकल ट्रॅक झाला. त्यावर सायकली कमी आणि गाड्या जास्त उभ्या राहिल्या. शेवटी २०२५ मध्ये एमएमआरडीएने गाड्यांसाठी रस्ता रुंद करायला तो काढायचं ठरवलं. ट्रॅकवर गाड्या उभ्या करू दिल्या आणि मग म्हणाले, ट्रॅक कोणी वापरत नाही! पुण्यात डेक्कनच्या झेड ब्रिजचं उदाहरण आहेच. दुचाकींसाठी बांधलेला पूल, पण फेमस कशासाठी झाला ते मी सांगायला नको. निम्म्या वाचकांच्या आठवणी तिथल्या कठड्याला टेकून उभ्या असतील.

पवईवरून तर आमच्यात चक्क भांडण झालं होतं. मुंबई महापालिकेने तलावाच्या काठाने सायकल ट्रॅकचं काम सुरू केलं. आयआयटीचे विद्यार्थी कोर्टात गेले. ६ मे २०२२ ला हायकोर्टाने काम बेकायदा ठरवलं आणि जे बांधलंय ते काढून जागा पूर्ववत करा म्हणून सांगितलं. आमच्यातले अर्धे हळहळले, अर्ध्यांनी पेढे मागितले. दोन्हीकडचे सायकलवालेच! डेंटिस्ट म्हणाली, ‘मगरीचं घर बुजवून मला सायकल चालवायची नाही.’ त्यावर कोणाला उत्तर सुचलं नाही.

आता तिसरी पार्टी. हिची सदस्यसंख्या एक, म्हणजे मी. हिचं नाव ‘मोजपट्टी पार्टी’. मी फक्त विचारतो, रुंदी किती? चढ किती? कठडा केवढा? ग्रुपवर यावर जांभई देणारे स्मायली येतात. पण ही मोजपट्टी मला कोणी कोपनहेगनहून पाठवलेली नाही. ती नवापूरची आहे.

नवापूर म्हणजे आमचं गाव. नंदुरबार जिल्ह्यातलं, सुरत-धुळे हायवेवरचं. तुम्ही नाव ऐकलं असेल ते रेल्वे स्टेशनमुळे. स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिथल्या बाकावर बसून लोक एकाच वेळी दोन राज्यांत असल्याचे फोटो काढतात. फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे गावची रंगावली नदी आणि आजूबाजूच्या खेड्यांतून येणारे ओढे-नाले. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीला पूर आला तेव्हा घरांत पाणी शिरलं, माणसं दगावली, हायवेही ठप्प झाला. त्या दिवसानंतर आमच्याकडे पूल हा विषय कोणी गमतीने घेत नाही.

माझी ताई तिथून थोडं आत एका खेड्यात दिली आहे. भाची आठवीत गेली तेव्हा तिला शाळेतून सायकल मिळाली. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रम चालतो, त्यातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. शाळा लांब म्हणून मुलींनी ती सोडू नये, हा त्यामागचा फंडा. एकदम सही योजना. फक्त शाळा आणि घर यांच्यामध्ये एक नाला होता आणि त्यावर फरशी होती. फरशी म्हणजे काय, हे फ्लायओव्हरवाल्यांना सांगायला हवं. नाल्याच्या तळालगतच टाकलेला काँक्रीटचा बुटका रस्ता. उन्हाळ्यात त्यावरून ट्रक जातो, जुलैत त्यावरून पाणी जातं. पाणी वरून वाहायला लागलं की सायकल, दप्तर आणि पोरगी तिघंही घरी परत. त्या पावसाळ्यात भाचीच्या हजेरीपटात जेवढे खाडे होते, तेवढ्या माझ्या वर्षभराच्या सिक लीव्ह नसतात.

मग फरशीच्या जागी उंच पूल झाला. पहिल्याच पावसात भाचीचा फोन, ‘मामा, नाल्याला पाणी आहे आणि मी शाळेत आहे!’ एखाद्या पुलाबद्दल यापेक्षा चांगला रिव्ह्यू मी आजवर वाचलेला नाही.

दिवाळीला गेलो तेव्हा तिच्याबरोबर शाळेच्या रस्त्याने सायकलवर निघालो. मी गिअरवाली घेऊन ऐटीत पुढे. पुलाजवळ येऊन मागे बघतो तर बाईसाहेब खाली उतरून सायकल ढकलत येतायत. मी म्हटलं, ‘दमलीस?’ ती म्हणाली, ‘नाही, पूल आला ना. पुलावर आम्ही सगळ्या चालतच जातो.’

का? तर पुलाला पोचायचा चढ खडा. बिनगिअरची सायकल, पाठीवर दप्तर, कॅरिअरवर धाकटा भाऊ. चढ संपतो तिथे पूल अरुंद. मागून खडीचा ट्रक आला की कडेला सरकायचं, आणि कडेला कठडा गुडघ्याएवढा. चालणाऱ्याला तो थोडाफार अडवेल. सीटवर बसलेल्या माणसाचं वजन उंचावर असतं. धक्का लागला तर सायकल कठड्याला अडेल आणि बसलेला थेट नाल्यात. नववीतल्या मुलींनी हे गणित न शिकवता सोडवलं होतं, म्हणून त्या उतरत होत्या.

परत आल्यावर मी नियम शोधले. इंडियन रोड्स काँग्रेसचं सायकल ट्रॅकबद्दलचं सगळं लिहिलेलं आहे, तेही १९६२ पासून. ट्रॅक निदान दोन मीटर रुंद हवा. चढ शक्यतो तीसला एक, म्हणजे तीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, याहून खडा नको. अगदीच इलाज नसेल तर वीसला एक चालेल, पण फक्त वीस मीटरपर्यंत. यात काही रॉकेट सायन्स नाही. कागदावर सायकलवाला साठ वर्षांपासून आहे, पुलावर यायचा राहिलाय.

ताईने बायकांना जमवलं, मी अर्ज टाइप करून दिला. मागण्या तीनच. कठड्यावर छातीएवढा लोखंडी पाइप, दोन्ही टोकांना गतिरोधक आणि कडेला पांढरा पट्टा. वेगळा सायकल पूल वगैरे चैन कोणी मागितली नाही. तीन चकरा झाल्या. आजची स्थिती अशी की गतिरोधक झाले, पाइप एका बाजूला बसला आणि दुसऱ्या बाजूचं ‘बघू’ चालू आहे. त्यामुळे मुली शाळेत जाताना पाइपच्या बाजूने सायकल चालवत जातात आणि येताना उतरून चालत येतात. अर्धा पूल जिंकलाय म्हणायचा.

हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा वॉव पार्टी गप्प, घंटा पार्टीही गप्प. मग डेंटिस्टने आमच्या रोजच्या रूटवरच्या पुलाचा फोटो टाकला. खाली एकच ओळ, ‘आपणही इथे उतरतोच की!’ खरंच, उतरतो. दोन स्लॅबमधली फट चाकाएवढी आहे, पावसाच्या पाण्याची जाळी सायकलच्या दिशेने आडवी नाही, उभी बसवलेली आहे. दोन हजारांचं हेल्मेट घालून आम्ही तिथे गुपचूप खाली उतरतो आणि पुढे जाऊन कॉफी पितो. अर्ज मात्र नवापूरच्या बायकांनी केला.

तेव्हा दोस्तहो, तुमच्या शहरात सायकल पुलाची बातमी आली तर हार्ट जरूर पाठवा. पण काम चालू असतानाच एकदा तिथे जाऊन या. नकाशा बघा, रुंदी विचारा, कठड्याशेजारी सायकलवर बसून बघा. काँक्रीट ओलं असताना केलेली तक्रार स्वस्त पडते, वाळल्यावर तिचा ‘प्रस्ताव’ होतो. आणि इंजिनिअरसाहेब भेटले तर ‘आम्हाला सोडतात का’ हे नका विचारू. ‘नववीतल्या मुलीला इथे उतरावं लागेल का,’ एवढंच विचारा.

आमच्या ग्रुपचा अर्ज या सोमवारी जातोय. मोजपट्टी पार्टीची सदस्यसंख्या आता बारा आहे.