मामांची झडप आणि डुकरांचं घर

आमच्या मामांची हृदयाची झडप बदलली त्याला आता चार वर्षं होतील. मामा पक्के माळकरी. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी दोन पर्याय सांगितले. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली बसवली तर तो त्रास बराच कमी, आणि या वयाला तीच बरी. मामांनी विचारलं, "कोणत्या प्राण्याची?" डॉक्टर म्हणाले, "डुकराची." मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आयुष्यभर ज्याच्या नावानं शिव्या दिल्या, त्याच्याच जिवावर आता वारी करायची म्हणायची."

मामा वारीला जातात. झडप उत्तम चाललीय.

हे सांगायचं कारण, वैद्यकीय संशोधनात डुकरांचा वापर वाढतोय आणि त्यांना ठेवायच्या जागाही वाढतायत. डुकराचं हृदय, कातडी, आतडी माणसाच्या बरीच जवळची. स्टेंट माणसात जाण्याआधी डुकराच्या रक्तवाहिनीत तपासतात. ऑपरेशनच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून जे हेपॅरिन देतात, ते बहुतेक डुकराच्या आतड्यापासूनच बनतं. मार्च 2024 मध्ये अमेरिकेत बॉस्टनला जनुकं बदललेल्या डुकराची किडनी एका जिवंत रुग्णाला बसवली. आपल्याकडे आयसीएमआरनं हैदराबादच्या जीनोम व्हॅलीत संशोधनासाठीच्या प्राण्यांचं मोठं राष्ट्रीय केंद्र उभं केलंय.

सातारा-सांगलीला हा विषय लांबचा वाटत असेल तर जरा आजूबाजूला बघा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कराडला आणि मिरजेला मेडिकल कॉलेज आहे. उद्या यातल्या कुठल्याही गावाजवळ डुकरांचं प्राणीगृह बांधायचं किंवा वाढवायचं ठरलं, तर आपण काय विचारणार? माझा अंदाज, फक्त एकच प्रश्न येईल : वास येणार का?

माझा अशा केंद्राला विरोध नाही. मामांच्या छातीकडे बघून तो करताही येत नाही. पण 'विस्तार' म्हणजे पिंजरे वाढवणं असेल, तर विरोध आहे. आधी जागा, मग संख्या.

साधा हिशेब बघा. पंचवीस-तीस किलोचं पिल्लू सहा महिन्यांच्या प्रयोगात घेतलं, तर शेवटी ते शंभर किलोच्या वर जातं. पहिल्या दिवशी ऐसपैस वाटलेल्या खणात शेवटी त्याला वळताही येत नाही. म्हणून किती डुकरं मावतात हे शेवटच्या वजनावर मोजायला हवं. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडात त्याचं काय होईल ते सांगायला नको. त्याला सोबत लागते. नाकानं उकरायला पेंढा लागतो. एकटं, कोरड्या फरशीवर कोंडलं तर ते स्वतःची नाहीतर शेजारच्याची दशा करतं.

कुणी म्हणेल, इथं माणसाला सिव्हिलमध्ये खाट मिळत नाही आणि तुम्ही डुकराच्या घराचं काय घेऊन बसलाय? बरोबर आहे. पण ताणात असलेल्या जनावराची जखम उशिरा भरते, प्रतिकारशक्ती बिघडते. मग प्रयोगाचं उत्तर चुकतं. आणि त्या चुकीच्या उत्तरावर बेतलेलं औषध शेवटी त्याच सिव्हिलच्या खाटेवरच्या माणसाला मिळतं.

दुसरी बाजू म्हणते, हे प्रयोग बंदच करा. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही सांगतो की दुसऱ्या मार्गानं काम होत असेल तर प्राणी टाळा. 2023 मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांतही प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा दिली. जिथं पर्याय आहे तिथं डुक्कर नकोच. पण झडप किंवा किडनी अजून पूर्णपणे संगणकावर तपासता येत नाही.

आता आपल्या भागापुरतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. दावणीची किती जनावरं गेली ते आपण पाहिलंय. प्राणीगृहाची जागा पूररेषेच्या वर आहे का, आणि पाणी आलं तर जनावरं कोण, कुठं हलवणार, हे कागदावर लिहिलेलं हवं. दुसरं, आफ्रिकन स्वाइन फीव्हर. त्यावर औषध नाही. एका ठिकाणी निघाला तर एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात. म्हणजे गावकुसाबाहेर चार डुकरं पाळून पोट भरणाऱ्या कैकाडी-वडार घरांचं नुकसान आधी होणार. त्यांना बैठकीला बोलवा. भरपाईचं आधीच ठरवा.

आणि शेवटचं. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नीतिमत्ता समिती लागते. त्यात शास्त्रज्ञ नसलेला, समाजाचं भान असलेला एक सदस्य असतो. डुकरासारख्या मोठ्या प्राण्यावरच्या प्रयोगाला तर केंद्राच्या समितीचीही मंजुरी लागते आणि प्रयोगानंतर त्याची काळजी घेणं हीसुद्धा संस्थेचीच जबाबदारी. ती शास्त्रज्ञ नसलेल्या माणसाची खुर्ची म्हणजे आपली खुर्ची. तिथं सही करून चहा पिऊन येणारा नको. शेडमध्ये जाऊन, "याला वळता येतंय का?" असं विचारणारा हवा.

मामांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "ज्याचं घेतलं त्याला निदान नीट बसायला-उठायला जागा द्या की."

माझं म्हणणं एवढंच आहे. तुमचं काय, ते खाली लिहा.