पावसाला कान द्या

शिवथरच्या खोऱ्यात आषाढ लागला की आवाजांना तोटा नसतो. घळीचा धबधबा, भरलेले ओढे, रात्रभर गळणाऱ्या पागोळ्या. शहरातली माणसं हेच आवाज मोबाइलवर लावून झोपी जातात. आपल्याकडे मात्र २२ जुलै २०२१ पासून ते तितके सुखाचे राहिले नाहीत. त्या दिवशी आपल्याच महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली आणि ८०हून अधिक जीव गेले. पावसाचा जोर वाढला की वर्गातली मुलं अजूनही डोंगराकडे बघतात.

म्हणून निसर्गावरचं संगीत नुसतं मन शांत करण्यासाठी असतं, हे मला पटत नाही. ते कानाला सवय लावतं. अमेरिकेच्या जॉर्ज विन्स्टन यांनी १९८० साली एकट्या पियानोवर ‘ऑटम’ हा शरद ऋतूचा अल्बम केला. त्याच्या १३ वर्षं आधी, १९६७ मध्ये, आपल्याकडे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आला होता. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. एचएमव्हीसाठी तो घडवून आणला आपल्या मराठी भावगीतांचे गायक जी. एन. जोशी यांनी.

संतूर आणि पियानो दोघांतही तारेवर आघात होतो. तिथे हातोडी, इथे लाकडी कलम. काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतला हा साज शर्मांनी शास्त्रीय मैफलीत आणला. या अल्बममध्ये शब्द नाहीत, तरी काश्मिरी मेंढपाळाचा अख्खा दिवस आहे. पहाटेला अहिर भैरव, रात्रीला पहाडी. कोणता सूर कुठे बदलला, हे ऐकणाऱ्यानेच टिपायचं.

भगिनींनो, हाच खेळ मुलांसोबत ओटीवर बसून खेळा. दहा मिनिटं गप्प बसायचं आणि आवाज मोजायचे. जवळचा कोणता, लांबचा कोणता, कालच्यापेक्षा वेगळा कोणता? रोजचा ओढा ओळखीचा झाला की बदललेला ओढाही लगेच कळतो.

दरडीआधी पुष्कळदा खुणा मिळतात. दगड आपटल्याचा किंवा झाडं कडाडल्याचा आवाज येतो, घरघर वाढत जाते, ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं किंवा भर पावसात कमी होतं. असं काही जाणवलं तर सामान आवरत बसू नका. मुलांना, म्हाताऱ्यांना घेऊन उताराच्या आणि ओढ्याच्या वाटेतून बाजूला व्हा, शेजाऱ्यांना हाक द्या.

बाकीच्या रात्री पागोळ्या ऐकत मुलं निवांत झोपोत. आमीन.